नकाशातलं मैदान, जागेवरचा रस्ता आणि नवीन नागपूर

तूरओळ

बाबांनी १९९४ साली हुडकेश्वरच्या पुढे दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. एका गृहनिर्माण संस्थेकडून, महिन्याला तीनशे रुपये किस्त. रविवारी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचे. चारी बाजूंनी तूर आणि पऱ्हाटी, मधे मधे चुना फासलेले दगड, दगडांवर काळ्या रंगात आकडे. आमचा सतरा. त्या दगडापाशी उभं राहून बाबा नकाशा उघडायचे. अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेला, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात एक मोठा चौकोन होता आणि त्यात लिहिलेलं होतं, ‘क्रीडांगण व उद्यान’. बाबा म्हणायचे, तुझ्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसेल.

घर २००३ मध्ये झालं. खिडकीतून आज प्लॉट नंबर ४२ ते ५१ दिसतात. दहा घरं. संस्थेने मागाहून दुसरा नकाशा काढला, मैदानाचे तुकडे पाडले आणि विकले. त्या दहा घरांतल्या लोकांवर माझा काडीचाही राग नाही. त्यांनीही आमच्यासारख्याच किस्ती भरल्या, त्यांच्याकडेही रजिस्ट्री आहे. त्यांतल्या एका काकूंनी माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर डबा दिला.

रस्ता नकाशात ३० फूट आहे. मी मागच्या रविवारी टेप लावला, १९ फूट ४ इंच भरला. गेल्या वर्षी आईला छातीत दुखायला लागलं तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली, समोर एक गाडी उभी होती. भाऊ आणि शेजारचे दोघं स्ट्रेचर घेऊन बारा घरं ओलांडून गेले. आई वाचली. पण ती बारा घरं मी विसरू शकत नाही.

गुंठेवारीत, म्हणजे मंजुरीशिवाय पडलेले प्लॉट शुल्क घेऊन नियमित करायच्या कायद्याखाली, आमचा प्लॉट नियमित झाला. डिमांड, म्हणजे मागितलेलं शुल्क, भरली, आरएल (नियमितीकरणाचं पत्र) हातात आली, बाबा पेढे घेऊन आले. त्या कागदाने आम्हाला खूप काही दिलं. बँकेचं कर्ज मिळालं, वरचा मजला चढला, झोप लागायला लागली. कागदाने न दिलेली एकच गोष्ट म्हणजे मैदान. शुल्क भरून गटार येतं, दिवे येतात, डांबर येतं. विकलेली जमीन येत नाही.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ‘नवीन नागपूर’ या नव्या व्यापार केंद्राला मान्यता दिली. हिंगणा तालुक्यातल्या गोधणी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) या मौजांमधली सुमारे ६९२ हेक्टर जमीन, आणि शहराला वेढणारा १४८ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता. तेव्हापासून माझ्या फोनवर रोज प्लॉटच्या जाहिराती येतात. नवीन नागपूरला लागून, रिंगरोडपासून पाच मिनिटं, फक्त टोकन द्या. दोन आठवड्यांपूर्वी कामानिमित्त त्या बाजूला गेले होते. तुरीच्या ओळींमध्ये चुन्याचे दगड दिसले. मी गाडी थांबवून बराच वेळ बघत राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिला प्लॉट विकला जाण्याआधी रस्ता, मैदान आणि नाला जमिनीवर आखून सार्वजनिक नावावर चढलेले असले पाहिजेत. आधी विक्री आणि मग नियमितीकरण, हे नागपूरने तीस-चाळीस वर्षं करून पाहिलं आहे. यातलं जाणणाऱ्यांनी लिहा. आपण आत्ता काय करू शकतो?

जुना महालकर

ताई, आमचंही असंच. वाठोड्याला. मैदान नाही, शाळेची जागा होती नकाशात.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. नागपुरात नुसतं ‘५७२’ किंवा ‘१९००’ म्हटलं तरी लोकांना कळतं. हे मंजुरीशिवाय पडलेल्या लेआउटचे दोन गठ्ठे. तुमचं घर कुठल्या गठ्ठ्यात, यावर मुलीचं लग्न ठरताना चर्चा झालेली मी ऐकली आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट धरले होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. वीस वर्षांत पडलेले लेआउट एका फटक्यात आत आले. माझा मेहुणा त्यात सुटला, मी त्याच्यासाठी मनापासून खूश झालो. पण त्याच आठवड्यात एक दलाल मला म्हणाला, काका, घेऊन ठेवा, पुढची तारीख पण येईलच.

ओंकार, पुणे

चांगला धागा. एक प्राथमिक प्रश्न. नागपुरात नकाशा नेमका मंजूर कोण करतं? सुधार प्रन्यास, महापालिका, महानगर प्राधिकरण, ग्रामपंचायत, सगळ्यांची नावं ऐकतो.

नकाशेवाला

ओंकार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे. पण ते कळल्याशिवाय ताईंच्या मैदानाचं काय झालं ते कळत नाही. मी २२ वर्षं नागपुरात नकाशे काढतो.

सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आलं. नवीन वस्त्यांच्या योजना आखायच्या, जमीन घ्यायची, रस्ते-गटारं करायची आणि मग भूखंड द्यायचे, हे त्याचं काम. महापालिका झाली १९५१ मध्ये. म्हणजे शहर एक आणि आखणारे हात दोन, ही गोष्ट जुनी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मंत्रिमंडळाने प्रन्यास बरखास्त करायचं ठरवलं होतं, तरी ते आजही आहे. शहराबाहेर २०१७ पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे आपलं एनएमआरडीए. ९ तालुक्यांतली ७१९ गावं, साडेतीन हजार चौरस किलोमीटरच्या वर क्षेत्र. महापालिकेची हद्द सुमारे २२७ चौरस किलोमीटर. त्याच्या पंधरा पटींहून मोठा मुलूख एका नव्या कार्यालयाकडे आला, आणि तोही अर्धाअधिक कडेचा भाग विकून झाल्यावर. ताईंचं हुडकेश्वर बघा. बाबांनी प्लॉट घेतला १९९४ मध्ये, गाव महापालिकेत आलं २०१३ मध्ये. मधली एकोणीस वर्षं तिथे नवीन लेआउटवर नजर ठेवणारा माणूस म्हणजे पटवारी आणि सरपंच.

ग्रामपंचायतीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण यात लोक फार फसतात. विकास योजना लागू असलेल्या क्षेत्रात लेआउट पाडायला किंवा इमारत बांधायला ग्रामपंचायतीचा शिक्का पुरत नाही. घरटॅक्सची पावती ही बांधकामाची परवानगी नव्हे. माझ्याकडे महिन्यात दोन-तीन माणसं असा शिक्का मारलेला नकाशा घेऊन येतात. कर्जासाठी बँकेने परत पाठवलेली असतात. त्यांना खाली बसवून पाणी द्यावं लागतं.

आता योजनेचं. १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्याखाली विकास योजना होते, तिचा वीस वर्षांत फेरविचार व्हायचा असतो. शहराची योजना २००० सालची, महानगर क्षेत्राची जानेवारी २०१८ मध्ये मंजूर झाली. योजना म्हणजे रंगवलेला नकाशा. पिवळा रंग राहण्यासाठी, हिरवा शेतीसाठी, आणि मधे आरक्षणं. शाळा, मैदान, दवाखाना, रस्ता.

लोकांना वाटतं आरक्षण पडलं म्हणजे मैदान झालं. तसं नसतं. ती जमीन खाजगीच असते, सातबारा मालकाचाच असतो. दहा वर्षांत सरकारी बाजूने जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. आणि पैसे मोजून घेणं परवडत नाही, कारण शहर आधीच तिथे पोहोचलेलं असतं आणि भाव चढलेला असतो. दरम्यान त्याच आरक्षित जमिनीवर दगड पुरले जातात. मग ते प्लॉट नियमित करायला आधी आरक्षण उठवावं लागतं, त्यासाठी कलम ३७ चा फेरबदल, हरकती, सुनावणी, शासनाची मंजुरी. पूर्व आणि उत्तर नागपुरात माणसं या रांगेत म्हातारी झाली आहेत.

मंजूर लेआउटमध्ये असं होत नाही. आजच्या एकत्रित नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, ४ हजार चौरस मीटर म्हणजे साधारण एकरभराहून मोठ्या जागेचा लेआउट केला तर १० टक्के खुली जागा ठेवावीच लागते. निवासी लेआउटचा आतला रस्ता ९ मीटरपासून सुरू होतो. ताईंच्या ३० फुटांच्या जवळपास तेवढाच. म्हणजे बाबांना दाखवलेला पहिला नकाशा अगदीच थापेबाजी नव्हता. तो कुणाकडून मंजूर करून घेतला असता, तर मैदान वाचलं असतं.

जेवायला बोलावतायत. उरलेलं रात्री लिहितो.

हिंगण्याचा शेतकरी

तुमचं सगळं वाचलं. बरोबर बोलून राहिले तुम्ही. पण एक सांगू का, तुमचं मैदान माह्या वावरातून जाते.

माही चार एकराची संत्र्याची बाग आहे. आजोबानं लावली, बाबानं वाढवली. बोअरचं पाणी खाली चाललं, मृगाचा बहार दोन वर्षं धरला नाही, मजूर भेटत नाही. ते ठीक आहे, शेती म्हटली का हे आलंच. पण २०१८ च्या नकाशात माह्या बांधावरून रेघ गेली. बांधाच्या पलीकडचं वावर पिवळं, माहं हिरवं. माती तीच, विहिरीचा झरा तोच. पलीकडच्यानं वावर इकलं, पोराले दुकान टाकून दिलं, पोरीचं लग्न केलं. मी अजून सोसायटीचं कर्ज फेडून राहिलो. काहून? त्या रेघेनं. ती रेघ कोणी ओढली, कायच्यासाठी ओढली, मले कोणी येऊन सांगितलं नाही.

आता म्हणाल, थोडं थोडं इका. तुकडेबंदी आहे. २०२३ पासून जिरायत २० गुंठे, बागायत १० गुंठे, त्याच्या खाली तुकडा पाडता येत नाही. मंग दलाल येते. म्हणते, भाऊ, हिस्सा इकू, बाराजणाईच्या नावानं एक रजिस्ट्री करू, आत दगड गाडू. शेतकरी काही चोर नाही. दवाखान्याची नड असली का माणूस सही करते.

तुम्ही मैदान पाहिजे म्हणता ना, मी द्याले तयार आहो. माह्या लेकराईलेही मैदान लागनच. फक्त माह्या एकट्याचं वावर मैदानात नका घालू आन् शेजाऱ्याच्या वावरात मॉल नका देऊ. सगळ्याईचं सारखं कापा.

तूरओळ

दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे सगळ्यात खरं.

बांधावरच्या रेघेबद्दल मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या घरी ‘शेतकऱ्याने संस्थेला विकलं’ एवढंच माहीत होतं. मूळ शेतकऱ्याला काय मिळालं, हे बाबांनाही ठाऊक नाही.

नकाशेवाला

हिंगण्याच्या दादांनी जे मागितलं, ते कायद्यात आहे. तेच रात्री लिहिणार होतो.

त्याला नगररचना योजना म्हणतात. काही नवीन नाही, १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. मुंबईचं वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले, पुण्याचं शिवाजीनगर म्हणजे जुनं भांबुर्डे, हे असे वसले. गुजरातने ही पद्धत सोडली नाही, अहमदाबादची वाढ मोठ्या प्रमाणात तिच्यावर झाली आहे. आपल्याकडे ती मधल्या काळात मागे पडली.

पद्धत अशी. शंभर एकरांचे वेडेवाकडे बांध तात्पुरते पुसायचे. आधी रस्ते काढायचे, नाला जिथे आहे तिथे राखायचा, मैदान, शाळा, बाजार, गरिबांच्या घरांची जागा बाजूला करायची. उरलेली जमीन प्रत्येक मालकाला त्याच्या मूळ हिश्शाच्या प्रमाणात परत द्यायची. समजा दादांचे चार एकर गेले आणि अडीच एकर परत आले. पण ते अडीच एकर चौकोनी, रस्त्याला लागून, बांधकामयोग्य. ते विकायचे की ठेवायचे हे दादांच्या हातात. शेजाऱ्याचंही तेवढंच कापलं जातं. मैदान कुणा एकाच्या वावरातून जात नाही, सगळ्यांच्या वावरातून थोडं थोडं जातं. आणि सार्वजनिक जागा योजनेतच सरकारी बाजूच्या नावावर चढतात, नंतर विकायला कुणाकडे उरत नाहीत.

दोष सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. या योजना फार वेळ खातात. लवाद नेमायचा, प्रत्येकाचा अंतिम भूखंड ठरवायचा, मूल्य काढायचं, अपिलं ऐकायची. आपल्याकडे काही योजना वर्षानुवर्षं रखडल्या. तेवढ्या काळात दलाल सगळं गाव विकून मोकळा होतो. त्यामुळे माझं मत असं की बाह्यवळण रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जिथे लोंढा येणार हे आजच दिसतंय, तिथे आत्ताच योजना जाहीर करून मुख्य रस्ते आणि नाले पहिल्याच टप्प्यात ताब्यात घ्यावेत. भूखंडाची वाटणी मागाहून चालू राहू दे. रस्त्याची आणि नाल्याची जागा अडली की दगड गाडणाऱ्याचा अर्धा नकाशा तिथेच मोडतो.

कॉलनीतली

मी कॉर्पोरेशन कॉलनीत राहते. इथले बरेच लेआउट जुने, मंजूर, रुंद रस्त्यांचे. तरी २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे आम्ही जे पाहिलं ते लिहिते, म्हणजे नाल्याचं महत्त्व कळेल.

रात्री दोननंतर पाऊस असा लागला की बोललेलं ऐकू येईना. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्राबाहेर आली. आधी न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर आलं, मग दारातून. सासूबाईंना डायनिंग टेबलवर बसवलं. फ्रिज आडवा होऊन तरंगायला लागला आणि दाराला ठोकर देत राहिला, तो आवाज मला अजून झोपेत येतो. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, शंकरनगर, सगळीकडे तेच. शहरात माणसं गेली. पाणी उतरल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या अर्ध्यापर्यंत चिखलाची रेघ होती. आम्ही रंग काढला तेव्हा नवऱ्याने त्या रेघेचा एक वीतभर तुकडा तसाच ठेवला.

नदीला निळी आणि लाल पूररेषा असते. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे मी पूर आल्यावर शिकले. पण नदीला येऊन मिळणारे ओढे, नाले? पावसाळ्यात चार महिने वाहणारी वावरातली ओहोळ? तिच्यावर पहिला प्लॉट पडतो, कारण ती जागा आठ महिने कोरडी असते आणि घेणारा उन्हाळ्यात प्लॉट बघायला जातो. तिकडे बुजवलेलं पाणी खालच्या वस्तीत येतं. ताई, मैदानाच्या आधी नाला लिहा. माझी कळकळीची विनंती आहे.

नकाशेवाला

शंभर टक्के. एक कामाची गोष्ट. गावाचा जुना महसुली नकाशा मोजणी कार्यालयात मिळतो. त्यात नाला दाखवलेला असतो. लेआउटचा नकाशा त्याच्यावर ठेवून बघा. मी तीन वेळा असं करून गिऱ्हाइकाला प्लॉट घेण्यापासून थांबवलं आहे.

निशा कु.

सगळ्यांचं पटतंय, तरी माझी बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते.

मी नर्स आहे. मानेवाड्याला दोन खोल्यांत भाड्याने राहतो, आम्ही दोघं आणि मुलगा. तूरओळ ताई, तुमच्या बाबांना तीनशे रुपयांत किस्त परवडली, कारण तो लेआउट मंजूर नव्हता. रुंद रस्ता, १० टक्के खुली जागा, विकास शुल्क, हे सगळं धरलेल्या लेआउटमध्ये बाबांना प्लॉट मिळाला असता का? मी हे दोष द्यायला म्हणत नाही. आज मी त्याच जागी उभी आहे. मंजूर लेआउटमधला हजार फुटांचा प्लॉट माझ्या आवाक्याबाहेर आहे, आणि दलालाचा टोकनवाला आवाक्यात. मला माहीत आहे तो कसला आहे ते. तरी रात्री हिशेब करताना मन तिकडे जातं.

घरकुलाचंही पाहिलं. पंतप्रधान आवास योजनेतली घरं तरोडीला, वांजरीला, वाठोड्याला बांधली आहेत. मी तरोडीला जाऊन आले. घर छान होतं, खिडकीतून वारा येत होता. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळून अडीच लाखांची मदत मिळते. पण माझी दुसरी पाळी रात्री दहाला सुटते. त्या वेळी तिथे जायचं कसं? नवऱ्याने न्यायला यायचं तर मुलगा घरी एकटा. आम्ही परत आलो.

स्वस्त जमीन लांब असते म्हणून गरिबांचं घर लांब बांधायचं, मग त्याला बस नाही, काम नाही. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत जास्त एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकाम करायची मुभा, मिळतो. तिथे चारशे फुटांची घरं नर्सला, रिक्षावाल्याला, दुकानात काम करणाऱ्या मुलींना परवडतील अशी मिळाली, तर आम्ही तुरीच्या वावरात प्लॉट शोधत फिरणार नाही. वावरातलं मैदान वाचवायचं असेल तर शहराच्या मधोमध, सीताबर्डीच्या आसपास आम्हाला जागा करा.

जुना महालकर

निशाताई, तुम्ही जे लिहिलं ते आमच्या पिढीने बोलायला हवं होतं. आम्ही वाठोड्याला गेलो ते हौसेने नाही. महालात, म्हणजे जुन्या नागपुरात, वाड्यात चार भावांत तीन खोल्या होत्या, आणि शहरात भाड्याची खोली देताना मालक जात विचारत होते.

ओंकार, पुणे

वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर काय लिहावं कळत नाही. वाचतोय.

अमोल_बुटीबोरी

मदत हवी आहे. नवीन नागपूरच्या बाजूला, बाह्यवळण रस्त्याजवळ, १२ गुंठ्यांत सहा जणांच्या नावाने हिस्सा मिळतोय. सहा जण मिळून एक रजिस्ट्री, प्रत्येकाला आत दोन गुंठे दाखवतात. वडील शनिवारी इसार द्यायचं म्हणतात. ‘पुढे एनए (बिगरशेती) होईल’ असं सांगितलंय. घ्यावं का?

नकाशेवाला

अमोल, शनिवारी इसार देऊ नका.

आधी त्या खसरा नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. जमीन हिरव्यात आहे, पिवळ्यात आहे, का रस्त्याच्या किंवा संपादनाच्या आखणीत आहे, हे त्या एका कागदावर कळतं. संपादनात असेल तर पुढे मोबदल्याच्या वेळी सहा जणांमधली आतली सीमा कुठेच नोंदलेली नाही, अशा भांडणात तुम्ही अडकाल. बारा गुंठ्यांतले तुमचे दोन कोणते, हे त्या रजिस्ट्रीत कुठेही नसतं. सातबाऱ्यावर सहा नावं सामाईक चढतात. उद्या त्यांतल्या एकाने कर्ज थकवलं किंवा एक जण वारला तर सगळे अडकतात.

लेआउट मंजूर आहे असं म्हणाले तर तात्पुरती मंजुरी का अंतिम, ते विचारा आणि मंजूर नकाशाची प्रत मागा. प्लॉटिंगची जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांक असायला पाहिजे, तो संकेतस्थळावर टाकून नकाशा स्वतः बघता येतो. तिथे खुली जागा कुठे दाखवली आहे ते बघा, आणि मग जागेवर जाऊन त्या खुल्या जागेत उभे राहा. नुसतं कागदावर बघून परत येऊ नका.

हिंगण्याचा शेतकरी

अमोलभाऊ, ज्याचं वावर आहे त्या शेतकऱ्याले जाऊन भेटा. दलालाले नका सांगू. चहा प्या त्याच्याकडं. तो सांगन पाणी कुठून वाहते ते.

अमोल_बुटीबोरी

झोन दाखल्यासाठी अर्ज केला. वडील रागावले आहेत, पण शनिवार टळला. वावराच्या मालकाला भेटलो. म्हातारे आहेत. त्यांना सहा जण घेणार आहेत हेच माहीत नव्हतं, एकच गिऱ्हाईक आहे असं सांगितलं होतं.

तूरओळ

अमोल, तुमच्या शेवटच्या ओळीने अंगावर काटा आला.

महिन्याभराने परत लिहितेय. दोन गोष्टी झाल्या.

एक, आपल्या इथल्या चर्चेवरून मी निवेदन तयार केलं आहे. मैदानाच्या आधी नाला लिहिला, कॉलनीतली ताई. बाह्यवळण रस्त्याच्या दोन्ही अंगांना नगररचना योजना, सर्वांचं सारखं कापून. गोधणी-लाडगावच्या आखणीत कमी पगाराच्या लोकांसाठी घरं आतच, बसच्या रस्त्यावर. आणि शेतकऱ्याला त्याच्या बांधावर जाऊन रेघ समजावून सांगणं, त्याच्या भाषेत, सही घेण्याआधी. हे चौथं कलम दादांचं आहे, त्यांचेच शब्द ठेवले आहेत. शहराच्या नवीन विकास योजनेवर हरकती मागवतील तेव्हाही हेच देता येईल. पंधरा-वीस जणांच्या सह्या झाल्या आहेत, अजून हव्यात.

दुसरी गोष्ट आमच्या गल्लीची. मी परत टेप लावला, या वेळी कंपाउंड ते कंपाउंड. २७ फूट भरला. म्हणजे ३० फुटांतले तीन फूट भिंतींनी खाल्ले, आणि उरलेले साडेसात फुटांहून थोडे जास्त आमचे ओटे, पायऱ्या, गाडी चढवायचे उतार आणि फुलझाडांचे वाफे. मैदान संस्थेने विकलं, पण रस्ता आम्ही सगळ्यांनी मिळून अरुंद केला होता. चौदा घरांत फिरले. प्रत्येक घरी आईच्या स्ट्रेचरची गोष्ट सांगितली, ती बहुतेकांना आठवत होती. अकरा घरं तयार झाली.

मागच्या रविवारी आमच्याच ओट्यापासून सुरुवात केली. तो ओटा बाबांनी २००३ मध्ये स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, कडप्प्याची फरशी बसवलेली. रोज संध्याकाळी ते तिथे बसतात. घण घालायच्या आधी त्यांनी फरशी सुटी करून घेतली आणि आत अंगणात भिंतीला लावून ठेवली. मग खुर्ची घेऊन समोरच्या बाजूला बसले आणि शेवटपर्यंत तिथेच होते.

आज रस्ता तेवीस फूट आहे. प्लॉट नऊच्या काकांनी तुळशीवृंदावन आत घ्यायला एकादशीपर्यंत वेळ मागितला आहे, देणार आहोत. जिथे ओटे होते तिथे खड्डे राहिले आहेत, पाऊस लागायच्या आत मुरूम टाकून दाबायचा आहे. मानेवाडा-हुडकेश्वर भागात ट्रॅक्टरने मुरूम टाकून देणारा कुणी माहितीत असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा.